मोबाईलची रेंज शेतांत कां मिळत नाहीं ?

मोबाईल फोन ही आतां चैनीची वस्तु राहिली नसून ती नांगर, पाभर व पंप यांच्या पंक्तीस येऊन बसली आहे. विहिरीवरील मोटार घरीं बसून सुरूं करावयाची ती मोबाईलनें. उभ्या पिकाची नोंद सात-बाऱ्यावर चढवावयाची ती मोबाईलनें. बाजारभाव विचारावयाचा तो मोबाईलनें. आणि बँकेंतील स्वतःचीच रक्कम हलवावयाची झाली तरी अगोदर मोबाईलवर सहा आंकडे यावे लागतात. असें असूनहि हें यंत्र चालतें कसें याची माहिती आपणां शेतकऱ्यांत फारच थोड्यांस आहे. बैलाचे दांत पाहिल्यावांचून व पाइपाची जाडी चाचपल्यावांचून पैसे न देणारे गृहस्थ, दुकानदारानें "रेंजची काळजी नको" असें म्हणतांच पंधरा मिनिटांत यंत्र विकत घेतात, आणि तें मळ्यांत मुकें पडलें म्हणजे कंपनीच्या नांवानें बोटें मोडतात.

या लेखांत कोणत्याहि कंपनीची भलावण अगर निंदा करण्याचा आमचा उद्देश नाहीं. गांवांत चार काड्या दाखविणारा फोन मळ्यांत जातांच गप्प कां होतो, हा प्रश्न मंडळाच्या बैठकींत वारंवार निघतो. त्याचें उत्तर समजण्यास थोडें मुळापासून आरंभ करणें भाग आहे. तें समजलें म्हणजे यंत्राची खरेदी, त्याची जागा व मनोऱ्यासाठीं जमीन देण्याचा व्यवहार, या तिन्ही बाबतींत फसगत टळण्यासारखी आहे.

विहिरींत खडा टाकला असतां पाण्यावर जशा लहरी उठतात, तशा तारेंतील विजेचा प्रवाह अतिशय वेगानें उलटसुलट केला असतां तारेभोंवतीं विद्युच्चुंबकीय लहरी उठतात व त्या चोहोंकडे पसरतात. त्यांचा वेग सेकंदास सुमारें तीन लाख किलोमीटर, म्हणजे प्रकाशाइतकाच. किंबहुना प्रकाश हा याच लहरींचा भाऊबंद होय. एका सेकंदांत किती लहरी उठतात त्या आंकड्यास कंपसंख्या म्हणतात, आणि दहा लक्ष कंपांस एक मेगाहर्ट्झ म्हणतात. कंपसंख्या जितकी अधिक तितकी लहरीची लांबी कमी. ९०० मेगाहर्ट्झची लहर सुमारें एक फुटाची, १८०० ची सुमारें अर्ध्या फुटाची व ३५०० ची सुमारें साडेतीन इंचांची असते. हे तीन आंकडे वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. पुढें त्यांचें काम पडणार आहे.

अशा लहरी निर्माण करून त्या दूरवर पकडतां येतात हें जर्मनींतील हर्ट्झ यानें १८८७-८८ चे सुमारास प्रयोगानें दाखविलें. आपल्या देशांत जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ सालीं कलकत्त्यास भिंतीपलीकडील घंटा या लहरींनीं वाजवून दाखविली. वनस्पतींच्या संवेदनांविषयीं पुढें संशोधन केलें तेच हे बोस. शेतकऱ्यांनीं त्यांचें नांव दोन्ही कारणांसाठीं आठवणींत ठेवण्यासारखें आहे. मार्कोनी यानें १९०१ सालीं अटलांटिक महासागरापलीकडे बिनतारी खूण पोंचविली, आणि १९२७ सालीं पुण्याजवळ खडकीस संदेश सोडण्याचें व दौंडास ते पकडण्याचें केंद्र होऊन हिंदुस्थान व इंग्लंड यांमध्यें बिनतारी तारांची ये-जा सुरूं झाली. तेव्हां ही विद्या आपल्या मुलखास अगदींच नवखी आहे असें नाहीं.

आतां एक मोठा गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. बहुतेकांची समजूत अशी असते कीं, बारामतीहून नागपुरास फोन केला म्हणजे आवाज आकाशांतून थेट नागपुरास जातो. तसें मुळींच नाहीं. आपल्या फोनपासून जवळच्या मनोऱ्यापर्यंतचें दोन-चार किलोमीटरांचें अंतर काय तें बिनतारी असतें. मनोऱ्यापासून पुढें जमिनींत पुरलेल्या केसासारख्या बारीक कांचेच्या तंतूंतून प्रकाशाच्या रूपानें संदेश धांवतो, मोठ्या केंद्रांतून योग्य वाटेस लागतो, नागपुराकडील मनोऱ्यापर्यंत तसाच जातो, आणि तेथून पुनः शेवटचा टप्पा बिनतारी होतो. जेथें तंतु पोंचलेला नाहीं तेथें मनोऱ्यावर ढोलासारखीं गोल तबकें दिसतात. तीं एका मनोऱ्याहून दुसऱ्या मनोऱ्यास नेमकी दिशा धरून बोलत असतात. म्हणून रस्त्याचें काम चालू असतां खोदाईच्या यंत्रानें तंतु तोडला म्हणजे फोनवर काड्या पूर्ण दिसतात व तरीहि कांहींच हलत नाहीं. अशा वेळीं फोन बंद-चालू करीत बसण्यांत अर्थ नसतो. तसेंच मनोऱ्याला वीज लागते. ती गेली म्हणजे बॅटऱ्या कांहीं तास तग धरतात व नंतर जनित्र चालवावें लागतें. ज्या गांवीं जनित्रांत डिझेल वेळेवर पडत नाहीं तेथें पावसाळ्यांत वीज गेल्यावर कांहीं तासांनीं फोनहि जातो, याचें कारण हेंच.

एकच उंच मनोरा उभारून सर्व जिल्हा कां भागवीत नाहींत, असें कोणी विचारील. आरंभीं तसेंच करीत असत. अमेरिकेंत सेंट लुई शहरीं १९४६ सालीं मोटारींतून फोन करण्याची सोय झाली ती एका उंच ठिकाणच्या मोठ्या यंत्रावर. परंतु एका वेळीं फारच थोडक्या लोकांस बोलतां येई. अडचण शक्तीची नव्हती, वांटणीची होती. बोलण्यास लागणाऱ्या कंपसंख्यांचा पट्टा कालव्याच्या पाण्यासारखा मोजका असतो. सरकार तो लिलावानें कंपन्यांस देतें, व प्रत्येक कंपनीस आपल्या वांट्यांतच भागवावें लागतें. एका कंपसंख्येवर एकानें बोलण्यास आरंभ केला कीं, त्या सबंध टापूंत ती दुसऱ्यास निरुपयोगी.

यावर तोड १९४७ सालीं बेल प्रयोगशाळेंतील डी. एच. रिंग यानें सुचविली. मुलखाचे लहान लहान वाफे पाडावे, प्रत्येक वाफ्यांत कमी शक्तीचा एक मनोरा ठेवावा, लगतच्या वाफ्यांत निराळ्या कंपसंख्या वापराव्या, आणि कांहीं अंतर सोडून त्याच कंपसंख्या पुनः पेराव्या. ज्यांनीं बीजोत्पादनाचा प्लॉट घेतला असेल त्यांस हें विशेष सांगावयास नकोच. एकाच पिकाचे दोन वाण शेजारीं लावले तर परागाची भेसळ होते, म्हणून मध्यें विलगीकरणाचें अंतर ठेवावें लागतें. अंतर राखलें म्हणजे दोन्ही बियाणें शुद्ध राहतात. तीच गोष्ट येथें. या वाफ्यास इंग्रजींत सेल म्हणतात, व त्यावरूनच सेल्युलर फोन हें नांव पडलें. माणूस चालत्या गाडींत एका वाफ्यांतून दुसऱ्यांत शिरला असतां बोलणें न तोडतां त्यास नव्या मनोऱ्याच्या हवालीं करणें हें काम माणसाच्या हातून होण्यासारखें नव्हतें. गणकयंत्रें सुधारेपर्यंत थांबावें लागलें. टोकियोंत १९७९ सालीं अशी सार्वजनिक सेवा सुरूं झाली. आपल्याकडे ३१ जुलै १९९५ रोजीं बंगालचे मुख्यमंत्री ज्योति बसू यांनीं कलकत्त्याहून दिल्लीस दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशीं पहिलें संभाषण केलें.

वाफे पाडल्यावरहि प्रत्येक वाफ्यांत शेजपाळी आहेच. दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे टू-जी पद्धतींत, एका कंपसंख्येवर आठ जणांच्या पाळ्या लावलेल्या असतात. प्रत्येकाची पाळी सेकंदाच्या सतराशेव्या भागाइतकी, व ती सेकंदांत सुमारें २१७ वेळां येते. त्यामुळें प्रत्येकास वाटतें कीं, पाट आपल्यासाठींच अखंड वाहत आहे. फोर-जी व फाइव्ह-जीमध्यें पाणी याहून बारीक दारें काढून, ज्याला जितकी गरज तितकें, क्षणाक्षणाला वांटलें जातें. वांटणी कितीहि हुशारीची असली तरी टाकीचें पाणी तेंच. सायंकाळीं सात ते दहा सर्व गांव चित्रपट व क्रिकेटचे सामने पाहत असतां बाजारसमितीचें एक पान उघडण्यास दहा मिनिटें लागतात, आणि पहांटे तेंच पान निमिषांत उघडतें. येथें रेंज कमी नसते. पाळी उशिरां येते.

फोन खिशांत गप्प असतांना त्यास आलेला कॉल कसा सांपडतो, ही व्यवस्था महसुली दप्तराशीं परिचय असणारांस फार ओळखीची वाटेल. एक मनोरा म्हणजे एक सज्जा समजा. असे अनेक सज्जे मिळून एक मंडळ होतें. कंपनीच्या मुख्य दप्तरांत प्रत्येक सिमचें खातें असतें, व तें हल्लीं कोणत्या मंडळांत आहे त्याची नोंद तेथें असते. आपण प्रवास करून मंडळ ओलांडलें कीं, फोन आपण होऊन नव्या मंडळास वर्दी देतो आणि दप्तरीं फेरफार मंजूर होतो. ह्या फेरफारास ना नोटीस, ना हरकतीची मुदत. कॉल आला म्हणजे मुख्य दप्तर मंडळ पाहतें, मंडळांतील सर्व मनोरे एकाच वेळीं दवंडी पिटतात, आणि ज्याचा तो फोन "हजर" म्हणून उत्तर देतो. दवंडीस उत्तर आलें नाहीं कीं, "आपण संपर्क करूं इच्छिणारी व्यक्ति क्षेत्राबाहेर आहे" हें वाक्य ऐकूं येतें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं लहरीचा जोर चौथाई होतो. जमिनीलगत, चढउतारांमुळें, तो याहूनहि झपाट्यानें घटतो. लहर जितकी लांब तितकी ती टेकडीच्या कडेवरून थोडी वळते व भिंतींतून आरपार जाते. जितकी आंखूड तितकी ती सरळ जाणारी व लवकर अडणारी. म्हणून फुटाच्या लहरीचा मनोरा दोन गांवें संभाळतो, तर साडेतीन इंचांच्या लहरीचा फाइव्ह-जी एका गांवठाणापुरताच पुरतो. मात्र आंखूड लहरींच्या पट्ट्यांत जागा मुबलक असल्यामुळें त्यांवर माल पुष्कळ वाहतां येतो. जाहिरातींतील वेगाचे आंकडे बहुधा या दुसऱ्या जातीचे असतात. शेतकऱ्यास मळ्यांत हवी असते ती पहिली जात, हें दुकानांत कोणी सांगत नाहीं.

दुसरें कारण पीक. हिरव्या पानांत पाणी असतें व पाणी लहर शोषून घेतें. लागणीच्या वेळीं बांधावर उत्तम लागणारा फोन, ऊस पुरुषभर वाढला कीं त्याच जागीं लागेनासा होतो. मनोरा तोच, फोन तोच. मध्यें बारा फुटांची ओली भिंत उभी राहिली. आमराई व दाट केळी यांचेंहि तेंच, व पानें पावसानें भिजलेलीं असलीं म्हणजे अधिकच. अशा जागीं दहा-बारा फूट उंच जावें, माळ्यावर अगर टाकीच्या जिन्यावर उभें राहावें. पुष्कळदां तेवढ्यानें काम भागतें.

तिसरें कारण बहुतेकांच्या ध्यानांत येत नाहीं, आणि आमच्या मतें तेंच सर्वांत महत्त्वाचें आहे. बोलणें दुतर्फा असतें. मनोरा वीस-चाळीस वॅट शक्तीनें व उंचावरून बोलतो; फोर-जीचा फोन मात्र फार तर एक पंचमांश वॅटानें बोलतो. डोंगरावरील देवळांतला भोंगा सर्व गांवास ऐकूं येतो, परंतु गांवांतून मारलेली हांक देवळांत पोंचत नाहीं, तसें होतें. देवळांतला पुजारी तीक्ष्ण कानाचा असतो म्हणून बरेंच निभावतें. तरी त्यालाहि मर्यादा आहे. फोनवरील काड्या ह्या केवळ भोंगा किती मोठा ऐकूं येतो तें दाखवितात. आपली हांक वर पोंचते कीं नाहीं याविषयीं त्या कांहींच सांगत नाहींत. म्हणून दोन काड्या असून पलीकडच्यास आपला आवाज तुटक जातो. शिवाय मनोरा दूर असला म्हणजे फोन आपली सारी शक्ति खर्चून ओरडूं लागतो. मळ्यांत दिवस काढला कीं बॅटरी दुपारींच उतरते, तिचें कारण बहुधा हें.

उपग्रहावरून ठिकाण समजणें, ज्यास जीपीएस म्हणतात, त्याचा व रेंजचा कांहीं संबंध नाहीं. सुमारें वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सारखी वेळ सांगत असतात. फोन तें नुसतें ऐकतो व त्यांतील सूक्ष्म फरकांवरून आपली जागा काढतो. त्याला बोलावें लागत नाहीं, म्हणून उघड्या आकाशाखालीं, एकहि काडी नसली तरी, गट कोठें आहे तें समजतें. आपल्या राज्यांत १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरूं झाली, व जी नोंद पूर्वीं तलाठ्यानें गांव नमुना बारामध्यें करावयाची ती खातेदारानें करावयाची झाली. तींत शेताची जागा उपग्रहावरून ठरते, पण छायाचित्र व माहिती पाठविण्यास मनोरा लागतो. हीं दोन कामें निराळीं आहेत हें ओळखलें म्हणजे "ॲप चालत नाहीं" या एका वाक्यांत दोन्ही तक्रारी कोंबल्या जाणार नाहींत. मुदतीच्या शेवटल्या दिवशीं, जेव्हां सर्व तालुका एकदमच माहिती पाठवूं लागतो, तेव्हां पाळी मिळणें कठीण. पाहणी राहिली तर पुढें नुकसानभरपाईच्या वेळीं पीक होतें हें सिद्ध करण्यास किती हेलपाटे पडतात तें ज्यांनीं दप्तरीं पाहिलें आहे, ते मुदतीच्या पहिल्या आठवड्यांतच हें काम उरकतील.

विजेच्या कडकडाटांतहि बिनतारी लहरी असतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनें देशभर बसविलेलीं यंत्रें त्या लहरी पकडतात, कोणत्या यंत्रास किती सूक्ष्म काळ आधीं लहर पोंचली त्यावरून वीज कोठें पडली हें काढतात, आणि 'दामिनी' या ॲपवर सूचना देतात. खिशांतील मोबाईल वीज ओढून घेतो ही समजूत निराधार आहे. मोकळ्या रानांत उभें राहणें व झाडाखालीं आसरा घेणें हेंच घातक.

पंपाच्या मोबाईल स्टार्टरविषयीं थोडें विस्तारानें लिहितों, कारण येथें मोटार जळण्याचा प्रश्न आहे. रात्रपाळीच्या विजेसाठीं अंधारांत, साप व बिबट्याच्या भयानें विहिरीवर जावें लागतें, त्यांतून हें यंत्र सोडवितें हें खरें. परंतु विकत घेण्यापूर्वीं आंतील मोडेम कोणत्या पिढीचा आहे तें विचारून घ्यावें. त्यांत केवळ टू-जी असेल तर जिओचें सिम चालणार नाहीं, कारण त्या कंपनीनें २०१६ सालीं आरंभच फोर-जीनें केला व टू-जी कधीं ठेविलेंच नाहीं. टू-जी ही जुनी पिढी आहे व ती कायमची राहील असें मानून नवें यंत्र घेणें आम्हांस शहाणपणाचें वाटत नाहीं; फोर-जी व टू-जी दोन्हीं चालणारें थोडें महाग पडलें तरी घ्यावें. मग ज्या कंपनीचें सिम घालावयाचें त्याच कंपनीचा फोन घेऊन, नेमक्या पेटीच्या जागीं, सायंकाळच्या गर्दीच्या वेळीं दोन-चार दिवस बोलून पाहावें. नुसत्या काड्या मोजूं नयेत.

पेटी लोखंडी असते, व लोखंड लहरीस आंत येऊं देत नाहीं. एरियल पेटीच्या आंत कोंबून बसविलेलीं कितीतरी यंत्रें आम्ही पाहिलीं आहेत. तें बाहेर, उंच व मोकळें असावें. त्याची केबल मात्र फार लांब नको. बारीक केबलींत रस्त्यांतच जोर मुरून जातो. स्टार्टरसाठीं असलेल्या एरियलखेरीज, सबंध मळ्याची रेंज वाढविणारें म्हणून विकलें जाणारें बूस्टर यंत्र मात्र परवान्याशिवाय लावणें हा गुन्हा आहे, व त्यास सबळ कारण आहे. तें यंत्र मनोऱ्याच्या कानाशीं अखंड ओरडत राहतें, त्यामुळें मनोऱ्यास इतरांच्या हांका ऐकूं येत नाहींत, आणि एकाच्या सोयीपायीं सबंध वाडीची रेंज जाते. घरांत तारेचें किंवा तंतूचें इंटरनेट असेल तर वायफायवरून कॉल करण्याची सोय बऱ्याच फोनांत असते. तो सरळ मार्ग आहे.

संदेशाचा स्वभावहि समजून घ्यावा. लघुसंदेश थेट फोनला जात नाहीं. तो प्रथम कंपनीच्या केंद्रांत जमा होतो व पलीकडचें यंत्र हजर असेल तेव्हां पोंचविला जातो. हजर नसेल तर तो कांहीं तास, कधीं त्याहून अधिक काळ, तसाच वाट पाहतो. आतां विचार करा : सायंकाळीं सहा वाजतां "पंप चालू" असा संदेश धाडला, शेतांतील यंत्रास रेंज नव्हती, आपण नाद सोडून दुसरें पाणी धरलें, मध्यरात्रीं रेंज आली, संदेश पोंचला, आणि तळ गाठलेल्या विहिरींत पंप कोरडा फिरूं लागला. म्हणून संदेशावर चालणाऱ्या यंत्रांत उलट पोंच देण्याची सोय असावी, पोंच आल्याशिवाय काम झालें असें समजूं नये, व कोरडा पंप आपोआप बंद करणारा भाग अवश्य बसवावा. एक बारीक गोष्ट : इंग्रजी अक्षरांचा संदेश १६० अक्षरांपर्यंत एक धरतात, तर देवनागरी संदेश ७० चिन्हांतच संपतो व पुढें दुसरा मोजला जातो. यांत आपल्या भाषेवर कोणाचा रोष नाहीं. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास जागा अधिक लागते इतकेंच.

आतां मनोऱ्यासाठीं जमीन देण्याविषयीं. "आपल्या गटांत टॉवर बसवितों, दरमहा हजारों रुपये भाडें, एकरकमी लाखों आगाऊ, घरांतील एकास नोकरी, फक्त नोंदणीची फी भरा" असे फोन व संदेश खेडोपाडीं येतात. सोबत सरकारी मुद्रेचें नाहरकत पत्रहि धाडतात. पहिल्यानें दोन हजार, मग विम्याचे आठ, मग कराचे वीस, अशी ती फी वाढत जाते. आमच्या परिचयाच्या एका बागाइतदारांनीं या मार्गानें कापसाचा सबंध हप्ता घालविला; पुढें तो फोनच बंद झाला. दूरसंचार खातें व दूरसंचार नियामक प्राधिकरण यांनीं वारंवार जाहीर केलें आहे कीं, मनोऱ्यासाठीं जमीनधारकाकडून कसलीहि फी घेतली जात नाहीं व प्राधिकरण असें नाहरकत पत्र देतच नाहीं. वर सांगितलेली वाफ्यांची रीत ज्यास समजली तो या जाळ्यांत सहसा सांपडणार नाहीं. मनोरा कोठें हवा हें जमिनीच्या मालकाच्या अर्जावरून ठरत नाहीं. शेजारचे वाफे, चढउतार व वस्ती पाहून कंपनीचे इंजिनिअर नकाशावर एक लहानसें वर्तुळ काढतात व त्यांतच जागा शोधतात. आपला गट त्या वर्तुळांत असेल तर ते चालत येतील. नसेल तर लाख रुपये भरूनहि येणार नाहींत. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर तात्काळ कळवावें. पहिल्या तासा-दोन तासांत रक्कम अडविली जाण्याचा संभव अधिक.

मनोऱ्यामुळें पिकें करपतात, असेंहि बोलतात. याचा हिशेब आंकड्यांनीं पाहावा. भर दुपारचें ऊन चौरस मीटरावर सुमारें एक हजार वॅट ओततें. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींस आपल्या सरकारनें १ सप्टेंबर २०१२ पासून घातलेली मर्यादा चौरस मीटरास अर्ध्या वॅटाहूनहि कमी आहे, व ती आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एकदशांश होय. एवढ्यानें ज्वारी करपेल असें म्हणणें आम्हांस सयुक्तिक वाटत नाहीं. एखाद्या मनोऱ्याविषयीं शंका असल्यास सरकारच्या 'तरंग संचार' या संकेतस्थळावर त्याची माहिती पाहतां येते. खरें नुकसान निराळ्याच वाटेनें होतें : जनित्राचें सांडलेलें तेल, सामानाच्या गाड्यांनीं दबलेली जमीन, आणि कुंपणापायीं अडलेला पाट.

म्हणून खरोखरच कंपनी आली तर करारनाम्याकडे पाहावें. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणी केलेलाच पाहिजे. शंभर रुपयांच्या स्टँपवर गांवांतच केलेला कागद पुढें उपयोगीं पडत नाहीं. गट नंबर, पोटहिस्सा व नेमकें क्षेत्र गुंठ्यांत लिहावें, चतुःसीमा घालाव्या व नकाशा जोडावा. सामाईक खातें असेल तर सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या घ्याव्या. एका भावानें परस्पर दिलेली जागा व त्यावरून पंधरा वर्षें चाललेला दावा हे प्रकार अपूर्व नाहींत. इतर हक्कांत सोसायटीचा अगर बँकेचा बोजा असेल तर त्यांची लेखी संमति आधीं घ्यावी. जाण्यायेण्याची वाट किती फुटांची व कोणत्या बांधानें, ती पेरणीच्या दिवसांत बंद ठेवतां येईल कीं नाहीं, बिनशेती परवानगी व ग्रामपंचायतीचा कर कोणी भरावयाचा, भाडें किती वर्षांनीं किती वाढावयाचें, कंपनी दुसऱ्या कंपनीस मनोरा वापरूं देईल तेव्हां भाड्यांत वाढ मिळेल कीं नाहीं, हें सर्व कलमवार असावें. आणि मुदत संपल्यावर मनोरा नेतांना जमिनींतील सिमेंटचा पाया किती फूट खोलपर्यंत कंपनीनें आपल्या खर्चानें उकरून काढावयाचा, हें कलम बहुतेक छापील करारांत नसतें. तें हातानें लिहून घ्यावें व त्याखालीं दोन्ही पक्षांनीं सह्या कराव्या, म्हणजे पुढें त्या जागीं नांगराचा फाळ मोडणार नाहीं.